नावाला गेलेला तडा

जुन्या मनगटी घड्याळांच्या शौकिनांची एक वेगळीच दुनिया असते. तबकडीचा काळा रंग उन्हाने उडून तपकिरी झाला, तर तुम्ही-आम्ही घड्याळ खराब झाले म्हणू. ही मंडळी त्याच घड्याळाला जास्त पैसे मोजतात. मूळ काटा, मूळ काच, मूळ किल्ली यांच्यावरून त्यांच्यात तासन्‌तास वाद चालतात. मलाही या नादाची थोडी लागण आहे, म्हणून हे प्रेमानेच लिहितो आहे. पण या मंडळींच्या तोंडी असलेला एक शब्द मला कायम खटकत आला आहे. तो शब्द म्हणजे ‘बॅकेलाइट’.

झाले असे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर रोलेक्स कंपनीने ‘जीएमटी-मास्टर’ नावाचे घड्याळ बाजारात आणले. जेट विमानांचे युग उंबरठ्यावर होते. पॅन अमेरिकन कंपनीचे वैमानिक एका खंडातून दुसऱ्या खंडात जात, तेव्हा त्यांना दोन ठिकाणच्या वेळा एकदम पाहायच्या असत. त्यासाठी या घड्याळाला दिवसातून एकच फेरा घेणारा एक जादा काटा होता आणि काचेभोवती चोवीस तासांचे आकडे असलेले फिरते कडे होते. कड्याचा अर्धा भाग लाल, अर्धा निळा. लाल म्हणजे दिवस, निळा म्हणजे रात्र. हे कडे पारदर्शक प्लॅस्टिकचे होते. रंग आणि आकडे त्याच्या खालच्या बाजूने भरलेले, आणि आकड्यांत अंधारात चमकणारा रंग. दिसायला मोठे देखणे. पण त्याला तडे जाऊ लागले. आकड्यांपाशी बारीक रेषा उमटत, कडांचे टवके उडत, कधी अख्खा तुकडाच गळून पडे. दोनेक वर्षांत कंपनीने ते सोडून दिले आणि ॲल्युमिनियमचे कडे बसवायला सुरुवात केली. जुनी घड्याळे दुरुस्तीला आली की त्यांनाही धातूचे कडे बसवून मिळे. त्यामुळे मूळचे, न तडकलेले प्लॅस्टिकचे कडे ही आता दुर्मिळ चीज झाली आहे आणि नुसत्या कड्याला लोक चांगल्या घड्याळाइतके पैसे द्यायला तयार असतात.

या कड्याला सगळे जग ‘बॅकेलाइटचे कडे’ म्हणते. आणि मग ओघानेच पुढचे वाक्य येते, की बॅकेलाइट फार ठिसूळ, ते काही टिकत नाही.

आता हे वाक्य आपल्याकडच्या एखाद्या गृहिणीला ऐकवून पाहा. तिच्या कुकरचे काळे हँडल बॅकेलाइटचे असते. वीस वर्षे रोज आचेवर चढलेले, घासणीने घासलेले, कधी ओट्यावरून खाली पडलेले. त्याचा स्क्रू ढिला होतो, चकाकी जाते. पण ते वितळत नाही आणि हाताला चटका बसू देत नाही. जुन्या वाड्यांतून विजेची काळी गोल बटणे आणि दिव्याचे होल्डर असत, तेही याच पदार्थाचे. बटण दाबताना होणारा तो ‘खट्ट’ आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बॅकेलाइट म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. एकच पदार्थ स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे टिकतो आणि वैमानिकाच्या मनगटावर दोन वर्षांत तडकतो, असे कसे?

उत्तर सोपे आहे. तो एकच पदार्थ नव्हे. सर्वसाधारण बॅकेलाइट अपारदर्शक असते, काळे किंवा तपकिरी. त्याच्यातून खालचा रंग दिसायचा प्रश्नच येत नाही. रोलेक्सचे ते कडे ॲक्रिलिकच्या, म्हणजे घड्याळाच्या प्लॅस्टिकच्या काचेच्या जातीचे होते, असे या विषयातले अनेक जाणकार आता सांगतात. पण नाव चिकटले ते चिकटले. आणि ते ज्या माणसाचे नाव होते, त्याने आपले उमेदीचे आयुष्य नेमके याच गोष्टीसाठी घालवले होते, की आपले नाव भलत्या मालाला लागू नये. लिओ हेन्ड्रिक बेकलंड हा तो माणूस. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

बेकलंडचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३चा, बेल्जियममधल्या घेंट शहरातला. बाप चांभार, आई लोकांच्या घरी कामाला जाणारी. मुलाने लवकर आपल्या हाताखाली बसून जोडे शिवायला शिकावे, असे बापाचे मत. पोराने शिकलेच पाहिजे, हा आईचा हट्ट. हट्ट जिंकला. पोरगा इतका हुशार निघाला की शिष्यवृत्तीवर घेंट विद्यापीठात गेला आणि एकविसाव्या वर्षी रसायनशास्त्राचा डॉक्टर होऊन बाहेर पडला, तोही सर्वोच्च श्रेणी मिळवून.

त्याच्या पोरवयातली एक गोष्ट सांगितली जाते. त्याला फोटोग्राफीचे वेड होते. फोटोसाठी सिल्व्हर नायट्रेट लागे आणि ते विकत घ्यायला पैसे नसत. बापाने त्याला एक घड्याळ दिले होते, त्याला चांदीची साखळी होती. पठ्ठ्याने ती साखळी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवली, चांदीतले तांबे वेगळे काढले आणि हवे ते रसायन घरीच तयार केले. घड्याळाशी त्याचा पहिला संबंध आला तो असा. चांभाराच्या घरात चांदीची साखळी किती कष्टाने आली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. बाप काय म्हणाला, ते मात्र गोष्टीत सांगत नाहीत.

विद्यापीठात तो प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्‌स यांच्या हाताखाली शिकवू लागला आणि त्यांच्या मुलीच्या, सेलीनच्या प्रेमात पडला. १८८९ साली दोघांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी प्रवासाच्या शिष्यवृत्तीवर जोडपे अमेरिकेला गेले. तिथे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स चँडलर यांनी त्याला परत न जाण्याचा सल्ला दिला आणि फोटोचे सामान बनवणाऱ्या अँथनी कंपनीत नोकरी मिळवून दिली. नोकरी फार दिवस टिकली नाही. बेकलंडच्या डोक्यात एका वेळी दहा कल्पना असत. प्रत्येकीच्या मागे तो थोडा थोडा धावे आणि एकही तडीस जात नसे. मग तो गंभीर आजारी पडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ठरवले की आता एकच कल्पना धरायची आणि ती पुरी करायची.

ती कल्पना म्हणजे ‘व्हेलॉक्स’ हा फोटोचा कागद. तोवर फोटोची प्रत काढायला सूर्यप्रकाश लागे. ढगाळ दिवशी स्टुडिओचे काम बंद. व्हेलॉक्सवर घरातल्या गॅसच्या दिव्याच्या उजेडात प्रत निघे. सुरुवातीला माल खपेना, कारण फोटोग्राफर मंडळी पाकिटावरच्या सूचना वाचायचीच नाहीत आणि कागदाला दोष द्यायची. हळूहळू जम बसला. १८९९ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनने बोलावणे धाडले. असे सांगतात की, रॉचेस्टरच्या वाटेवर बेकलंडने मनाशी पन्नास हजार डॉलर मागायचे ठरवले होते आणि पंचवीस हजारांवर तडजोड करायचीही तयारी ठेवली होती. सुदैवाने आधी ईस्टमन बोलला. रक्कम साडेसात लाख ते दहा लाख डॉलरच्या दरम्यानची सांगितली जाते. छत्तिसाव्या वर्षाच्या आत चांभाराचा पोरगा लक्षाधीश झाला. करारात एक अट होती : वीस वर्षे फोटोग्राफीच्या धंद्यात पाऊल टाकायचे नाही.

ही अट नसती तर बॅकेलाइट जन्मले असते की नाही, मला शंका आहे. पैसा होता, योंकर्स गावी हडसन नदीकाठी ‘स्नग रॉक’ नावाचे मोठे घर होते, घराच्या आवारात स्वतःची प्रयोगशाळा होती. आणि ज्यात गती होती ते दार बंद. माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. तो एक हिवाळा बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला जाऊन विद्युत-रसायनशास्त्र शिकून आला. लक्षाधीश असून विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला. परत आल्यावर नायगाराच्या विजेवर कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या हूकर कंपनीला मदत केली. आणि विजेच्या धंद्यात वावरताना त्याला एक अडचण दिसली, जिचे मूळ आपल्या देशात होते.

विजेच्या तारांवर, यंत्रांच्या वेटोळ्यांवर निरोधक लेप लागतो. त्यासाठी तेव्हा लाख वापरत. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि आपल्याभोवती राळेचे कवच करतात. ते खरवडून, वितळवून लाख होते. जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जाई. आपण तिच्या बांगड्या करत होतो, पत्रावर मोहरा उठवत होतो. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्याच होऊ लागल्या. युरोप-अमेरिकेत वीज पसरू लागली तशी लाखेची मागणी भडकली आणि भाव चढले. किडा काही कारखानदाराच्या घाईने काम करत नाही. तेव्हा लाखेला पर्याय शोधणारा माणूस श्रीमंत होणार, हे बेकलंडने ओळखले. आपल्या जंगलातल्या किड्याला रजा द्यायला निघालेला हा माणूस त्या किड्याहून कितीतरी चिवट वस्तू घेऊन परतणार होता.

कृत्रिम पदार्थ तेव्हा अगदीच नव्हते असे नाही. १८७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने सेल्युलॉइड चालू केले होते : कापसावर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया करून त्यात कापूर घालायचा. त्याचे कंगवे झाले, कॉलर झाल्या, सिनेमाची फिल्म झाली. मनगटी घड्याळाच्या इतिहासातला पहिला महत्त्वाचा प्लॅस्टिकचा भागही त्याचाच. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांच्या मनगटावर घड्याळे आली आणि काचा फुटू लागल्या. तेव्हा न फुटणारी काच म्हणून सेल्युलॉइडची चकती बसवली जाऊ लागली. ती फुटली नाही, हे खरे. पण तिच्यातला कापूर हळूहळू उडून जातो, ती आक्रसते, पिवळी पडते आणि शेवटी तिच्यातून ॲसिडच्या वाफा निघू लागतात. घड्याळाच्या बंद पेटीत त्या वाफा कुठे जाणार? काट्यांवर गंज चढतो, तबकडी डागाळते. जुने खंदकी घड्याळ उघडून पाहिले, तर काट्यांचा निळा रंग जाऊन तांबूस पापुद्रे आलेले पुष्कळदा दिसतात. पाणी आत गेले म्हणावे, तर यंत्र स्वच्छ असते. काट्यांवर बसलेले ते संरक्षणच त्यांना खात असते. शिवाय सेल्युलॉइड उष्णतेने मऊ पडते आणि ठिणगीने भडकते.

बेकलंडला हवा होता तो याच्या उलट स्वभावाचा पदार्थ. वाट जुनीच होती. कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल, आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र आणले की एक चिकट गोळा तयार होतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ सालीच नोंदवून ठेवले होते. पण तो गोळा भांड्याला असा चिकटे की भांडेच फेकून द्यावे लागे. बायर यांना त्यात रस नव्हता, त्यांना निळीसारखे शुद्ध रंग हवे होते. पुढे अनेकांनी प्रयत्न केले. सगळ्यांची तक्रार एकच : तापवले की मिश्रण फसफसते, आत बुडबुडे राहतात, भुसभुशीत स्पंज तयार होतो. म्हणून सगळे आच मंद ठेवण्याच्या खटपटीत होते.

बेकलंड आणि त्याचा साहाय्यक नॅथॅनिएल थर्लो यांनीही आधी लाखेसारखे विरघळणारे एक द्रव्य बनवले, त्याला ‘नोव्होलॅक’ नाव दिले. ते फारसे चालले नाही. मग बेकलंडने उलटा विचार केला. आच कमी कशाला करायची? वाढवू या. आणि बुडबुडे येतात तर त्यांना येऊच द्यायचे नाही, वरून दाब द्यायचा. आपली प्रेशर कुकरचीच युक्ती. त्याने त्यासाठी लोखंडाचे एक जाडजूड, अंड्याच्या आकाराचे भांडे बनवून घेतले, ‘बॅकेलायझर’ त्याचे नाव. शंभर अंशांच्या बऱ्याच वरची उष्णता आणि भरपूर दाब. १९०७च्या जून महिन्यात त्या भांड्यातून जे बाहेर आले ते कुठल्याही द्रावणात विरघळेना, तापवले तरी मऊ पडेना. त्याने वहीत त्याला आपले नाव दिले.

या पदार्थाचे मर्म सांगायचे तर मेण आणि मडके यांची आठवण करावी. मेण वितळवा, साच्यात घाला, पुन्हा वितळवा. ते कधीच कायमचे होत नाही. सेल्युलॉइड, ॲक्रिलिक आणि आजच्या पिशव्या-बादल्या हा सगळा मेणाचा गोतावळा. त्यांतले रेणूंचे लांब धागे शेवयांसारखे नुसते एकमेकांत गुंतलेले असतात, उष्णतेने सुटतात. बॅकेलाइट हे मडके. एकदा भट्टीत भाजले की त्याची पुन्हा माती होत नाही. त्यातले रेणू सर्व बाजूंनी एकमेकांना शिवले जातात, सगळी वस्तू मिळून जणू एकच जाळे. ते वितळत नाही. फारच तापवले तर करपते. आणि हेही लगेच सांगितले पाहिजे की मडके जसे पडले की फुटते, तसे बॅकेलाइटही पडले तर फुटू शकते. म्हणूनच त्यात लाकडाचा भुसा मिसळून त्याला बळकटी देत. काळाला, उष्णतेला, विजेला टिकणे वेगळे आणि आपटण्याला टिकणे वेगळे. घड्याळवाल्यांच्या गप्पांत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पातळ, नाजूक मनगटी घड्याळाच्या घडणीत खऱ्या बॅकेलाइटला फारसे स्थान मिळाले नाही ते याच कारणाने. गजराच्या टेबल-घड्याळांच्या जाड पेट्या मात्र त्याने केल्या आणि त्या आजही जुन्या बाजारात धडधाकट मिळतात.

१३ जुलै १९०७ रोजी बेकलंडने पेटंटचा अर्ज केला. ब्रिटनमध्ये जेम्स स्विनबर्न नावाचा इंजिनिअर याच वाटेवर होता. तो पेटंट कचेरीत पोहोचला तेव्हा बेकलंडने त्याला एका दिवसाने गाठलेले निघाले. एका दिवसाने! पण दोघेही शहाणे. पुढे ब्रिटनमधल्या बॅकेलाइट कंपनीचा अध्यक्ष म्हणून हाच स्विनबर्न आला. फेब्रुवारी १९०९मध्ये न्यूयॉर्कच्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत बेकलंडने आपला शोध जाहीर केला, त्या वर्षअखेर अमेरिकेतले पेटंट हाती पडले, आणि १९१०मध्ये आधी बर्लिनजवळच्या एर्कनर गावी आणि मग अमेरिकेत कारखाने उभे राहिले. मोटारींचे विजेचे भाग, टेलिफोन, रेडिओच्या पेट्या, पाइपच्या दांड्या, बिलियर्डचे चेंडू. यादी करत बसण्यात अर्थ नाही. कंपनीच्या जाहिरातीत याचे हजार उपयोग असल्याचे सांगितले जाई आणि ते फारसे अतिशयोक्त नव्हते.

आता येतो तो भाग, ज्यासाठी मी हा सगळा पसारा मांडला. माल खपू लागताच नकला आल्या. एडिसनच्या रसायनशास्त्रज्ञाचे ‘कॉन्डेन्साइट’ आले, शिकागोचे ‘रेडमॅनॉल’ आले. काही माल असलाच, काही नसलाच; पण गिऱ्हाईक सरसकट सगळ्याला बॅकेलाइट म्हणू लागले. बेकलंडने कोर्टाची पायरी चढली. वर्षानुवर्षे खटले लढला, जिंकला, आणि मग १९२२ साली प्रतिस्पर्ध्यांनाच आपल्या कंपनीत सामील करून घेतले. अस्सल मालावर ‘बी’ या अक्षराखाली अनंताचे चिन्ह, आडवा पडलेला इंग्रजी आठ, छापले जाऊ लागले. नकली माल विकत घेऊन फसू नका, एवढेच त्याला सांगायचे नव्हते. आपला पदार्थ एक ठरावीक वर्तन करतो, आणि तसे वर्तन न करणाऱ्याला त्याचे नाव लावणे ही रसायनशास्त्रातली लबाडी आहे, अशी त्याची धारणा होती, असे मला त्याचे चरित्र वाचताना सारखे वाटत राहिले. १९२४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले. त्याच वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्षही होता.

पेटंटची मुदत संपल्यावर, १९२७च्या सुमारास, गोंधळ आणखी वाढला. ‘कॅटलिन’ नावाचे त्याच कुळातले एक राळ आले. त्यात भुसा नसे. ते ओतून घडवत, त्यामुळे लाल, हिरवे, निळे, संगमरवरी, अर्धपारदर्शक असे हवे ते रंग मिळत. बांगड्या, मणी, देखणे रेडिओ त्याचे झाले. पण प्रकाशात त्याचा रंग बदलतो : पांढरे होते ते लोण्यासारखे, मग मधासारखे पिवळे होते, निळे हिरव्याकडे झुकते. बाजारात आज ‘रंगीत बॅकेलाइट’ म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे हे. इथे निदान भाऊबंदकीचे नाते तरी आहे. रोलेक्सच्या कड्याशी तेही नव्हते.

बेकलंडच्या उतारवयाबद्दल लिहिताना जरा हात आखडतो. पैसा, कीर्ती, पदके सगळे होते. पण माणूस विक्षिप्त होत गेला. फ्लॉरिडात कोकोनट ग्रोव्ह इथल्या घरी तो एकटा राहू लागला. नोकरांनी रांधलेले सोडून डब्यातले अन्न डब्यातूनच खाई. उकडले की अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांनिशी पोहण्याच्या तलावात उतरे. बागेतल्या उष्ण कटिबंधातल्या झाडांवर त्याचा जीव होता. त्याची मुलाशी कुरबुर चाले. मुलगा जॉर्ज याला या धंद्यात फारशी गोडी नव्हती. अखेर १९३९ साली कंपनी युनियन कार्बाइडला विकली गेली. (हे नाव वाचून आपल्या मनात भोपाळ येते, पण त्याला अजून पंचेचाळीस वर्षे होती.) ज्या नावासाठी एवढे खटले लढले, ते नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे झाले. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी बेकलंड वारला.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी ते लाल-निळे कडे आले. ते का तडकले, याची कारणे साधी आहेत. ॲक्रिलिक उष्णतेने पोलादाच्या चार-पाच पट जास्त प्रसरण पावते. पातळ कडे धातूच्या चौकटीत घट्ट बसवलेले. उन्हात फुगते, विमानातल्या गारठ्यात आक्रसते, चौकट मात्र जागची हलत नाही. तो ताण आकड्यांच्या खाचांत साठत जातो. वर ऊन आणि घाम, आणि दाराच्या चौकटीवर आपटणे तर मनगटाच्या नशिबीच असते. शिवाय आकड्यांत भरलेला चमकता रंग किरणोत्सारी होता. त्यावरून १९५९ साली अमेरिकेत वेगळेच प्रकरण निघाले : त्यात स्ट्रॉन्शियम-९० आढळल्याने तिथल्या अणुऊर्जा आयोगाने लक्ष घातले आणि ती कडी काढून घेण्याची मोहीम निघाली. कडी कमी उरण्याचे हेही एक कारण. म्हणजे तडा प्लॅस्टिकचा, विष रंगाचे, आणि बदनामी बेकलंडची.

ॲक्रिलिकला मी नावे ठेवतो आहे, असे समजू नये. घड्याळाच्या काचेसाठी त्याच्यासारखा गुणी पदार्थ नाही. जर्मनीत ओटो र्‍योम यांच्या कंपनीने १९३३ साली ते ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने आणले, महायुद्धात विमानांच्या खिडक्यांना लागले आणि तिथून घड्याळांवर आले. बंगळूरला १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने निघालेल्या एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळाची काच हीच. २०१६ साली त्या कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय झाला, पण तिची किल्लीची घड्याळे आजही हजारो मनगटांवर चालू आहेत. काचेवर ओरखडे उमटतात, टूथपेस्टने घासले की जातात. फारच झाले तर घड्याळ दुरुस्त करणारा किरकोळ पैशांत नवी बसवून देतो. तिच्याकडून अपेक्षा एवढीच आहे आणि ती ती पुरी करते. गडबड होते ती तिला बदलता न येणारा दागिना करून चौकटीत ठोकून बसवले की.

तुमच्या हाती जुन्या प्लॅस्टिकची एखादी वस्तू आली आणि ती कशाची हे ओळखायचे असेल, तर अंगठ्याने जोरात घासा, कातडी गरम होईपर्यंत, आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. दवाखान्यात शिरल्यावर येतो तसा कार्बोलिकचा उग्र वास आला तर बॅकेलाइट किंवा त्याचा भाऊ. मी हे अनेक वस्तूंवर करून पाहिले आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पेटीतूनही तो दवाखाना बाहेर येतो. ॲक्रिलिक काहीच बोलत नाही. काही पुस्तकांत तापलेली सुई टोचून पाहायला सांगतात, ते मात्र कृपा करून करू नये. वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर भडका उडेल.

मूळ कड्यांना किंमत आली, तशी त्यांची नक्कलही निघाली. नव्या प्लॅस्टिकची, खालून लाल-निळी रंगवलेली, मुद्दाम थोडी जुनाट केलेली कडी विकत मिळतात. ती चांगली पारदर्शक असतात. जाहिरातीत त्यांच्यावर लिहिलेले असते, बॅकेलाइट.